शल्यगृहातील फोनोग्राफ

अमेरिकेतील वैद्यक संघटनेच्या मुखपत्रात इ. स. १९१४ साली एका शल्यवैद्याचे लहानसे पत्र छापून आले. त्यात कोणत्याही रोगाचे नवे निदान नव्हते, नवे औषध नव्हते, शस्त्रक्रियेची नवी रीतही नव्हती. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील केन नावाच्या छोट्या गावातल्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वेळी आपण फोनोग्राफ लावतो आणि रुग्णाला त्याचा फार उपयोग होतो, एवढेच त्या पत्रात सांगितले होते. पत्रलेखक होते डॉ. इव्हान ओनील केन. अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनानी असलेल्या त्यांच्या पित्यानेच ते गाव वसवले होते. फोनोग्राफचा मुख्य गुण त्यांच्या मते असा की, शल्यवैद्य, भूल देणारा आणि मदतनीस आपापल्या कामात कितीही गढलेले असोत, हे यंत्र बोलत, गात, वाजत राहते. आणि भ्यालेल्या रुग्णाच्या मनाला समोरच्या संकटावाचून दुसरे काहीतरी धरायला मिळते.

एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला तो १८७७ मध्ये. म्हणजे केन यांच्या हाती आलेले साधन जेमतेम सदतीस वर्षांचे होते. परंतु ज्या कामासाठी त्यांनी ते योजले, ते काम फार जुने आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधरावा अध्याय आहे. राजाला किंवा राजासारख्या धनवंताला वमन किंवा विरेचन द्यावयाचे झाल्यास वैद्याने आधी कोणती सिद्धता करावी, हे त्यात सांगितले आहे. घर कसे असावे, वारा कोठून यावा, धूर आणि ऊन कसे टाळावे, येथपासून प्रारंभ होतो. मग माणसांची यादी येते: स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठवणारे-बसवणारे, औषधे वाटणारे. याच यादीत पुढे गायनवादनात, श्लोक-गाथांत, कथा-इतिहास-पुराणांत कुशल असलेले लोक येतात. त्यांना चरकाने आणखी काही अटी घातल्या आहेत. ते ‘अभिप्रायज्ञ’ असावेत, म्हणजे रुग्णाच्या मनात काय आहे हे न सांगता ओळखणारे असावेत; ते ‘अनुमत’ असावेत, म्हणजे त्याला रुचणारे असावेत; शिवाय देशकालाचे भान असलेले असावेत. नुसता गळा गोड असून भागत नाही, असाच याचा अर्थ. औषध वाटणाऱ्याच्या आणि अंग चेपणाऱ्याच्या पंक्तीला गायकाला बसवण्यात त्या काळच्या वैद्याला काही विपरीत वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच अध्यायाच्या शेवटी ग्रंथकाराला दरिद्री माणसाची आठवण होते. सर्वांजवळ सर्व साधने नसतात, आणि दारुण रोग दरिद्र्याला सोडतात असेही नाही. तेव्हा आपत्तीच्या वेळी त्याने ही सारी सामग्री न जमवता, जे मिळेल त्यावर औषध घ्यावे, असे तो सांगतो. सल्ला व्यवहार्य आहे खरा. पण त्यात दरिद्र्याच्या वाट्याचे गाणे गळून गेले, ते पुढे कित्येक शतके गळलेलेच राहिले. शस्त्राच्या बाबतीत सुश्रुताचा मार्ग अधिक रोखठोक होता. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला खाऊ घालावे आणि मद्य पिणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे तो मूर्च्छित होणार नाही आणि शस्त्राची वेदना त्याला जाणवणार नाही, असे त्याने म्हटले आहे.

पश्चिम आशियातील सर्वांत प्रसिद्ध कथा शौल राजाची. बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात ती आली आहे. राजा उद्विग्न झाला, दुष्ट आत्म्याने त्याला पछाडले, म्हणजे मेंढपाळाचा पोर दावीद वीणा वाजवी आणि राजाला विसावा मिळे. संगीतचिकित्सेची महती सांगणारे वक्ते ही कथा येथेच थांबवतात. परंतु त्याच ग्रंथात पुढे असेही लिहिले आहे की, दावीद वीणा वाजवत असतानाच शौलाने त्याच्यावर भाला फेकला. आणि तोही एकदा नव्हे. औषध दर वेळी लागू पडत नव्हते, हे पवित्र ग्रंथाच्या लेखकाने लपवले नाही.

एखाद्या इस्पितळात नेमाने संगीत चालत असल्याचे ठळक वर्णन पाहावयाचे तर तुर्कस्तानातील एदिर्ने या नगरीकडे वळावे लागते. दुसऱ्या बायेझिद सुलतानाने तेथे १४८४ ते १४८८ या काळात नदीकाठी मशीद, वैद्यकाची पाठशाळा आणि इस्पितळ असा मोठा वास्तुसमूह बांधला. इस्पितळाचा मुख्य भाग षट्कोनी. वर घुमट, मध्यभागी कारंजे, भोवती रुग्णांच्या खोल्या. सतराव्या शतकाच्या मध्यास एव्हलिया चेलेबी हा तुर्की प्रवासी तेथे गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, दहा कलावंत, त्यांपैकी तीन गायक आणि बाकीचे वादक, आठवड्यातून तीन वेळा रुग्णांपुढे आपली कला सादर करीत. यांत मनोरुग्णही होते. कोणता मकाम, म्हणजे त्यांच्याकडचा राग, कोणाला मानवतो हेही तो सांगतो. हा प्रवासी अतिशयोक्तीसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून त्याचा शब्दन् शब्द प्रमाण मानण्याचे कारण नाही. परंतु वास्तू आजही उभी आहे. घुमटाखाली पडणाऱ्या पाण्याचा नाद प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचावा अशीच तिची रचना आहे. या पाण्याच्या नादाचा पुढे पुन्हा संबंध येणार आहे.

राजांच्या दरबारी मात्र संगीताचे औषध कधीच बंद पडले नाही. स्पेनचा राजा पाचवा फिलिप खोल विषण्णतेने ग्रासला होता. राणी एलिझाबेथ फार्नेझे हिने १७३७ साली इटलीतला विख्यात गायक फारिनेली याला माद्रिदला आणवले. त्याचे मूळ नाव कार्लो ब्रोस्की. सारे युरोप त्याच्या गळ्यावर लुब्ध असताना त्याने रंगभूमी सोडली आणि तो राजासाठी रात्रीमागून रात्री गाऊ लागला. १७४६ मध्ये राजा मरण पावेपर्यंत हा क्रम चालला. इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी १७७० मध्ये बोलोन्या येथे वृद्ध फारिनेलीला भेटला. राजासाठी रोज रात्री तीच चार गीते म्हणावी लागत आणि हे दहा वर्षे चालले, असे त्याच्याकडून ऐकल्याचे बर्नीने नोंदवले आहे. वर्षांचा हिशेब जुळत नाही, कारण १७३७ ते १७४६ ही नऊच वर्षे होतात. शिवाय फारिनेलीच्याच तेव्हाच्या पत्रात दर रात्री आठ-नऊ गीते म्हणावी लागत असल्याचा उल्लेख आहे. चार म्हणा की नऊ म्हणा, राजा बरा झाला नाही; त्याच्या रात्री मात्र निभावल्या.

याच चार्ल्स बर्नीची कन्या फॅनी ही पुढे नामांकित कादंबरीकार झाली. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, नेपोलियनच्या सैन्याचा सुप्रसिद्ध शल्यवैद्य लारे याने तिचा रोगग्रस्त स्तन कापून काढला. भूल नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच. तिला उत्तेजक म्हणून थोडे मद्य दिले गेले, तोंडावर तलम रुमाल टाकला गेला. पण तो इतका पातळ होता की त्यातून सभोवार उभी असलेली सात काळ्या पोशाखाची माणसे तिला दिसली, पोलादाची चमकही दिसली. पुढे बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात तिने हे सारे उतरवले. ते लिहायला तिला कित्येक महिने लागले. जिच्या पित्याच्या घरी उभ्या युरोपचे संगीतकार येत-जात, तिच्या कानी त्या घटकेला स्वर नव्हता. होता तो हत्याराचा आवाज आणि स्वतःचाच आक्रोश. ती वाचली आणि आणखी एकोणतीस वर्षे जगली. परंतु भुलेपूर्वीच्या काळात शस्त्रक्रिया म्हणजे काय होते, हे जाणू इच्छिणाऱ्याने ते पत्र अवश्य वाचावे. तेथे पोहोचल्यावर फारिनेलीचा गळासुद्धा काय करणार, हा प्रश्न आपोआपच पडतो. संगीत व्यथेवर फुंकर घालील; सुरीपुढे ते उभे राहू शकत नव्हते.

सुरीपुढे उभे राहिले ते इथर. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने इथर हुंगवून रुग्णाला निजवले आणि शल्यवैद्याने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालवले. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिंप्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. निजलेल्या माणसाला गाणे कशाला हवे? संगीताचे शल्यगृहातील काम संपले, असे कोणालाही वाटले असते.

तसे झाले नाही. भीती निजत नव्हती. ती भूल चढण्यापूर्वीच येऊन बसत असे. इंग्लंडमध्ये जानेवारी १८४८ मध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासारख्या किरकोळ क्रियेत क्लोरोफॉर्म देताच काही क्षणांत मरण पावली. पुढे अशा मृत्यूंची संख्या वाढली आणि त्यांचे कारण काय यावर वैद्यांत तीव्र वाद माजला. या वादाचा एक अंक हैदराबादेत घडला. निजामाच्या चाकरीतील शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये तेथे क्लोरोफॉर्मची चौकशी करणारी दोन मंडळे बसली. दुसऱ्या मंडळासाठी निजामाच्या खजिन्यातून पैसा देऊन लंडनहून सर लॉडर ब्रंटन यांना बोलावण्यात आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला तो असा की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे भय नाही. लॉरींना आपल्या निष्कर्षाची पक्की खात्री होती.

ती खात्री अपुरी ठरली. गुडमन लेव्ही या इंग्रज वैद्याने १९११ मध्ये दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन वाढले तर हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकते. ॲड्रेनलिन हा भयाच्या वेळी शरीर आपणच सोडते तो रस. याचा अर्थ असा की, मेजावर थरथरत पडलेल्या रुग्णाचे भय ही केवळ मनाची दुर्बलता नव्हती. ते प्राणावर बेतू शकत होते. रुग्णाला धीर देणे हे दयेचे काम समजले जाई. लेव्हीच्या शोधानंतर ते शरीरशास्त्राचेही काम झाले.

दरम्यान शुश्रूषेच्या बाजूने काहींनी संगीताचा विचार सोडला नव्हता. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या शुश्रूषेवरील पुस्तकात गोंगाटावर एक प्रकरण आहे. विनाकारण केलेला आवाज रुग्णाला किती छळतो, हे त्यांनी कठोर शब्दांत सांगितले आहे, आणि तेथेच ओघाने संगीताचा विषय काढला आहे. माणसाचा गळा, फुंकवाद्ये आणि स्वर अखंड धरून ठेवणारी तंतुवाद्ये रुग्णाला हितकर. पियानो मात्र, त्याचा स्वर तुटक असल्यामुळे, कितीही उत्तम वाजवला तरी अपायकारक, असे त्यांचे निरीक्षण होते. पियानोप्रेमींना हे पटणार नाही. परंतु तंबोऱ्याच्या नादात वाढलेल्या श्रोत्याला नाइटिंगेलबाईंचे म्हणणे लगेच कळेल. संगीताचा रुग्णावरील परिणाम कोणी पाहिलेलाच नाही, आणि त्याचा खर्च पाहता त्याचा सर्रास उपयोग होणे शक्य नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले. चरकाने दरिद्र्याबद्दल जे म्हटले, तेच हे, एकोणिसाव्या शतकाच्या भाषेत.

खर्चाची ही भिंत फोडण्याचा एक प्रयत्न लंडनमध्ये १८९१ साली झाला. फ्रेडरिक हार्फर्ड या धर्मोपदेशकाने संत सेसिलियाच्या नावाने गायक-वादकांचा एक संघ काढला. सेसिलिया ही ख्रिस्ती परंपरेत संगीताची आश्रयदाती संत. तिचा सण २२ नोव्हेंबरला असतो. इस्पितळात जाऊन रुग्णांना दृष्टीस न पडता हळू स्वरात गावे-वाजवावे, आणि पुढे एका ठिकाणी गाऊन ते टेलिफोनच्या तारेवरून शहरातील इस्पितळांना ऐकवावे, अशी त्यांची योजना होती. नाइटिंगेलबाईंचा तिला पाठिंबा होता. पैसा नव्हता, हार्फर्डची प्रकृतीही साथ देईना. संघ विरून गेला. त्याची कल्पना मात्र काळाच्या दोन पावले पुढे होती.

आता पुन्हा केन गावाकडे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब डोळ्यात घालून तेवढाच भाग बधिर करता येतो हे सिद्ध केले होते. त्यातून स्थानिक भुलेचे शास्त्र निघाले. तिने एक वेगळाच प्रश्न उभा केला. रुग्णाला दुखत नाही, पण तो जागा असतो. चिमटे तबकात पडल्याचा आवाज त्याला ऐकू येतो, वैद्यांची कुजबुज ऐकू येते, आणि न ऐकलेले शब्द तो मनानेच भरून काढतो. इथरने संगीताला शल्यगृहाबाहेर घालवले होते. स्थानिक भुलेने त्याला परत बोलावले. केन स्थानिक भुलेचे कट्टर पुरस्कर्ते होते, म्हणूनच फोनोग्राफची गरज त्यांना इतरांच्या आधी कळली.

त्यांचा हट्ट किती टोकाचा होता, हे पुढे दिसले. ज्या रुग्णांना इथर झेपत नाही त्यांची मोठी शस्त्रक्रिया स्थानिक भुलेवर होऊ शकते का, आणि त्यात रुग्णाला प्रत्यक्ष काय वाटते, हे जाणण्यासाठी १५ फेब्रुवारी १९२१ रोजी त्यांनी उशांना टेकून आपले स्वतःचेच आंत्रपुच्छ कापून काढले. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. १९३२ मध्ये, सत्तरीत, त्यांनी स्वतःच्याच अंतर्गळावर शस्त्रक्रिया केली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. या साहसाचे अनुकरण कोणी करावे असे नाही. परंतु फोनोग्राफचे पत्र लिहिणारा हा मनुष्य मेजावर पडलेल्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणारा होता, एवढे यावरून कळते.

पुढचे पाऊल बोस्टनच्या एका दंतवैद्याने टाकले. वॉलेस गार्डनर आणि ध्वनिशास्त्र जाणणारे मानसशास्त्रज्ञ लिक्लायडर यांनी १९५९-६० च्या सुमारास दातांच्या खुर्चीत एक नवा प्रयोग केला. (हे लिक्लायडर पुढे संगणकांच्या जाळ्याच्या कल्पनेचे एक जनक म्हणून ओळखले गेले.) रुग्णाच्या कानांवर श्रवणयंत्र आणि हाती एक छोटी पेटी. स्वस्थ असताना त्याने संगीत ऐकावे. दात कोरू लागताच खटका फिरवून धबधब्यासारखा अखंड घोष वाढवावा. एदिर्नेच्या घुमटाखालचे पाणी असे साडेचारशे वर्षांनी दंतवैद्याच्या खोलीत पोहोचले. ज्यांना एरवी भूल द्यावी लागे अशा हजार रुग्णांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांना या ध्वनीवरच निभावता आले, असे त्यांनी प्रसिद्ध केले. मोठा गाजावाजा झाला, यंत्रे विक्रीस आली.

मग शंका आल्या. १९६३ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनेची परीक्षा घेतली. काहींना नुसता ध्वनी ऐकवला, काहींना ध्वनीशिवाय ‘याने तुमची वेदना कमी होईल’ अशी ठाम सूचना दिली, काहींना दोन्ही दिले. नुसत्या ध्वनीने फारसे काही झाले नाही, नुसत्या सूचनेनेही नाही. दोन्ही एकत्र आल्यावर सहनशक्ती वाढली. म्हणजे पेटीत जितकी करामत होती, तितकीच ती रुग्णाच्या हाती देणाऱ्या दंतवैद्याच्या शब्दात होती. आणि खटका रुग्णाच्या स्वतःच्या बोटाखाली होता, हेही विसरून चालणार नाही. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला: वेदनेचा संदेश मज्जारज्जूतील जणू एका दारातून मेंदूकडे जातो, आणि ते दार किती उघडे राहावे हे ठरवण्यात वरून येणाऱ्या मनाच्या आज्ञांचाही वाटा असतो. त्या सिद्धान्तात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या; पण लक्ष, भीती आणि अपेक्षा यांचा वेदनेशी संबंध आहे, हे शास्त्राने तेव्हापासून उघडपणे मान्य केले.

एकविसाव्या शतकात या विषयाचे मोजमाप झाले. २०१३ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेवरील २६ चाचण्यांचा, २,०५१ रुग्णांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. संगीताने चिंता कमी होते, आणि शामक औषधांना तो एक पर्याय ठरू शकेल, असे त्यात आढळले. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ७३ चाचण्यांचा, सुमारे सात हजार रुग्णांचा, आढावा प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या मंडळासाठी ब्रंटन यांना पाठवणारे नियतकालिक ते हेच. शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रिया चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकवलेल्या रुग्णांना नंतरची वेदना कमी जाणवली, चिंता कमी झाली, वेदनाशामके कमी लागली. पूर्ण भुलेत असताना ऐकवलेल्या संगीताचाही काही परिणाम दिसला, हे त्यातले नवल. इस्पितळातील मुक्काम मात्र संगीताने कमी झाला नाही. आणि या चाचण्यांत नाना प्रकारचे संगीत होते; अमक्या रोगाला अमका राग किंवा अमका मकाम, या दाव्याला त्यातून आधार मिळत नाही. आपल्याकडे असे दावे मोठ्या आत्मविश्वासाने केले जातात, म्हणून हे सांगणे भाग आहे.

नाइटिंगेलबाईंना अडवणारा खर्च आता उरलेला नाही. हार्फर्डला जे टेलिफोनच्या तारेवरून करावयाचे होते, ते खिशातल्या टेलिफोनवर होते. तरीही शल्यगृहात आज जे संगीत वाजते, ते पुष्कळदा शल्यवैद्याच्या आवडीचे असते. लंडनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये वीस शस्त्रक्रियांच्या चित्रफिती पाहून असे दाखवले की, संगीत चालू असताना हत्यार मागण्यासारखी गोष्ट पुन्हा सांगावी लागण्याचे प्रसंग पुष्कळ वाढतात; आणि आवाज कमी-अधिक करण्याचा अधिकार बहुधा परिचारिकेकडे नसतो. कण्यात भूल देऊन बाळंत केल्या जाणाऱ्या स्त्रीला, मोतीबिंदू काढून घेणाऱ्या वृद्धाला, दुर्बीण घालून तपासल्या जाणाऱ्या रुग्णाला हे सारे ऐकू येत असते. कानाला लावायचे यंत्र काही रुपयांत मिळते. ते लावण्यापूर्वी ‘काय ऐकाल?’ एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते.